बारा तास कुठं गेले? सेदाँ, मे १९४० : फ्रेंच लष्कराच्या हुकूम-साखळीचा प्रकरण अभ्यास

१३ मे १९४०, संध्याकाळचे सात. सेदाँजवळ जर्मन पायदळाने दुपारीच म्यूज नदी ओलांडली आहे, पण त्यांचा एकही रणगाडा अजून दक्षिण काठावर आलेला नाही. पूल बांधायचं काम सुरू आहे. फ्रेंचांच्या ५५व्या पायदळ डिव्हिजनचे प्रमुख जनरल लाफोंतेन यांच्या हाती याच वेळी ताजी कुमक दिली जाते : २०५ आणि २१३ या दोन पायदळ रेजिमेंट आणि हलक्या रणगाड्यांच्या ४थ्या आणि ७व्या बटालियन. काम साधं आहे. ब्युलसाँ गावाजवळची टेकडीची धार जर्मनांच्या आधी गाठायची आणि तिथून उतरून त्यांना नदीत ढकलायचं. अंतर सहा-सात किलोमीटर.

हा हल्ला प्रत्यक्षात सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमारास, तोही निम्म्या ताकदीने. तोवर जर्मन रणगाडे पूल ओलांडून त्याच धारेवर चढत होते. दोघांमध्ये फरक पडला तो मिनिटांचा.

या बारा तासांचा हिशेब मांडायचा तर फक्त लाफोंतेन यांच्याकडे पाहून चालत नाही. त्यांच्या वर पाच मजले होते, आणि जो रोग तळमजल्यावर दिसला तो छतापासून झिरपत आला होता.

साखळी कशी होती

१९४०च्या फ्रेंच लष्करात डिव्हिजन म्हणजे साधारण सोळा-सतरा हजार माणसं, तीन पायदळ रेजिमेंट आणि तोफखाना. काही डिव्हिजन मिळून कोअर, काही कोअर मिळून आर्मी, काही आर्मी मिळून आर्मी ग्रुप. लाफोंतेन यांच्या वर १०व्या कोअरचे जनरल ग्रांसार. त्यांच्या वर २ऱ्या आर्मीचे जनरल उंत्झिजेर. त्यांच्या वर पहिल्या आर्मी ग्रुपचे जनरल बिलॉत. त्यांच्या वर ईशान्य आघाडीचे सरसेनापती जनरल झॉर्झ. आणि सगळ्यांच्या वर जनरल मॉरिस गामेलाँ.

बिलॉत यांच्याकडे समुद्रापासून सेदाँपर्यंतचा पट्टा होता. त्यात झिरो यांची ७वी आर्मी, ब्लांशार यांची पहिली, कोराप यांची ९वी आणि उंत्झिजेर यांची २री. मध्येच लॉर्ड गॉर्ट यांची ब्रिटिश फौज. पण ही फौज बिलॉत यांच्या हाताखाली नव्हती. ती थेट झॉर्झ यांच्या अखत्यारीत होती. बेल्जियन सैन्य त्यांच्या राजाच्या हाताखाली. बिलॉत यांनी या सगळ्यांचा 'समन्वय' करावा हे ठरलं कधी, तर लढाई सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, माँसजवळच्या कास्तो इथल्या बैठकीत. समन्वय हा शब्द लष्करी कागदावर दिसला की समजावं, हुकूम द्यायचा अधिकार कुणाला द्यायचा यावर एकमत झालेलं नाही.

हे असं का झालं : सत्तर वर्षांचा धाक

सेदाँ हे नाव फ्रेंचांना नवं नव्हतं. १८७०च्या सप्टेंबरात तिसरा नेपोलियन इथंच प्रशियाला शरण गेला आणि साम्राज्य कोसळलं. त्यानंतर आलेल्या प्रजासत्ताकाला दोन भीती कायम राहिल्या : एक जर्मनीची, दुसरी स्वतःच्याच सेनापतींची. जनरल बुलांजे यांच्या मागे १८८०च्या दशकात लोक ज्या तऱ्हेने धावले, त्याने दुसरी भीती आणखी पक्की केली. त्यामुळे शांततेच्या काळात लष्कर तयार करणारा माणूस एक आणि युद्धात ते चालवणारा माणूस दुसरा, अशी वाटणी झाली. पहिला म्हणजे जनरल स्टाफचा प्रमुख. दुसरा म्हणजे वरिष्ठ युद्ध परिषदेचा उपाध्यक्ष. ज्याने योजना केली त्याने लढायचं नाही, आणि ज्याने लढायचं त्याने योजना करायची नाही.

१९११च्या जुलैमध्ये ही वाटणी मोडली आणि दोन्ही पदं जनरल जॉफ्र यांच्याकडे आली. १९१४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये याचा फायदा दिसला. जॉफ्र शर्यतीतल्या चालकाच्या हाती मोटार देऊन आर्मी मुख्यालयांच्या फेऱ्या मारत. लांरझाक यांच्यासारख्या आर्मी प्रमुखाला त्यांनी मार्नच्या लढाईच्या तोंडावर, ३ सप्टेंबरला, घरी पाठवलं. काढलेल्या सेनापतींना लिमोज शहराकडे पाठवत, म्हणून फ्रेंच भाषेत बडतर्फ करण्याला आजही त्या गावावरून पडलेलं क्रियापद वापरतात. एका माणसाकडे माहिती, अधिकार आणि मोटार तिन्ही असली की काय होतं, त्याचं हे उदाहरण. त्याच माणसाला १९१६च्या डिसेंबरात बाजूला करावं लागलं, हेही खरं.

युद्ध संपलं आणि १९२०मध्ये पुन्हा जुनी वाटणी आली. पेताँ उपाध्यक्ष, स्टाफप्रमुख वेगळा. १९३१मध्ये वेगाँ उपाध्यक्ष आणि गामेलाँ स्टाफप्रमुख. १९३५च्या जानेवारीत वेगाँ निवृत्त झाले आणि दोन्ही खुर्च्या गामेलाँ यांच्याकडे आल्या. कागदावर १९११सारखीच स्थिती. फरक इतकाच की जॉफ्र यांना अधिकार वापरायची हौस होती आणि गामेलाँ यांना तो वाटून टाकायची.

व्हॅन्सेन, माँत्री, ला फेर्ते

युद्ध सुरू झालं तेव्हा झॉर्झ हे गामेलाँ यांचे सहायक आणि ईशान्य आघाडीचे प्रमुख असे दोन्ही होते. १९४०च्या जानेवारीत गामेलाँ यांनी घडी बदलली. झॉर्झ यांना ईशान्य आघाडीचे स्वतंत्र सरसेनापती केलं, आणि मुख्यालयाचा स्टाफ दोघांमध्ये विभागला. स्टाफचा मोठा भाग जनरल दूमाँक यांच्याकडे सोपवून माँत्री इथल्या वाड्यात हलवला.

नकाशावर हे असं दिसतं : गामेलाँ पॅरिसच्या पूर्व वेशीवर व्हॅन्सेनच्या किल्ल्यात. तिथून पूर्वेला साठेक किलोमीटरवर ला फेर्ते-सू-झुआरजवळ 'ले बाँदाँ' या घरात झॉर्झ. आणि दोघांच्या मधल्या वाटेवर माँत्रीत दूमाँक, जे एकाच वेळी दोघांचेही उत्तरदायी.

फ्रेंच स्टाफमध्ये 'ब्यूरो'ची वाटणी क्रमांकाने चालते. पहिला ब्यूरो मनुष्यबळाचा, दुसरा गुप्तवार्तेचा, तिसरा मोहिमांचा, चौथा वाहतूक आणि रसदीचा. हे चार एका छताखाली असतील तर तिसऱ्याचा अधिकारी जिना उतरून चौथ्याला विचारतो, 'आज रात्री तीन आगगाड्या मिळतील का?' इथं लढाई चालवणारा माणूस ला फेर्तेत आणि गाड्या हलवणारे माँत्रीत. एका डिव्हिजनची जागा बदलायची तर फोन, मग पुष्टीचा कागद, मग मोटारसायकलस्वार.

व्हॅन्सेनला तर बिनतारी संच नव्हता. दूरमुद्रकही नव्हता. म्हणजे फ्रान्सच्या साऱ्या फौजांचा सर्वोच्च सेनापती बातमी कळायला टेलिफोनवर, दूतावर आणि स्वतःच्या मोटारीवर अवलंबून. गामेलाँ यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी : हे दुर्लक्षातून झालेलं नव्हतं, त्यामागे विचार होता. सर्वोच्च सेनापतीने रोजच्या लढाईच्या गोंगाटापासून दूर राहून पॅरिसमधल्या सरकारजवळ असावं, असं त्यांचं मत. पण झॉर्झ यांच्याशी त्यांचं जमत नव्हतं, आणि नव्या रचनेत पराभवाची जबाबदारी नेमकी कुणाची, हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. झॉर्झ यांना वाटे की आपले हात बांधले आहेत. गामेलाँ यांना वाटे की लढाई झॉर्झ यांची आहे.

त्यात ९ मेच्या संध्याकाळची गंमत. पंतप्रधान रेनो यांनी मंत्रिमंडळात गामेलाँ यांना काढण्याचा विषय काढला, संरक्षणमंत्री दालादिए आडवे आले आणि सरकारच राजीनाम्याच्या वाटेवर गेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे जर्मनांनी हल्ला केला. राजीनामा गुंडाळला गेला आणि ज्याला काढायचं ठरत होतं त्याच माणसाच्या हाती लढाई राहिली.

राखीव फौज आधीच खर्ची

हुकूम-साखळीवर सगळं खापर फोडणं सोपं आहे, पण एक चूक साखळीच्या बाहेरची आहे आणि ती लपवून हा अभ्यास प्रामाणिक होणार नाही. ७वी आर्मी मुळात रँसच्या परिसरात मध्यवर्ती राखीव म्हणून होती. सात डिव्हिजन, त्यात काही उत्तम. मार्च १९४०मध्ये गामेलाँ यांनी ती डाव्या टोकाला नेऊन हॉलंडमधल्या ब्रेडापर्यंत धावायचं काम दिलं. झॉर्झ यांनी हरकत घेतली होती : शत्रूने मुख्य घाव मध्यावर घातला तर हाताशी काय उरेल? हरकत नोंदली गेली, निर्णय बदलला नाही. १६ मे रोजी चर्चिल पॅरिसला येऊन फ्रेंचमध्येच 'राखीव फौज कुठं आहे?' असं विचारतात आणि गामेलाँ 'नाही' म्हणतात, त्या उत्तराची तारीख खरं तर मार्चमधली आहे.

१३ मे : दुपार ते संध्याकाळ

५५वी डिव्हिजन 'ब' वर्गातली, म्हणजे तिशी ओलांडलेल्या राखीव सैनिकांची, बहुतेक ऑर्लेआँ भागातले. ऑक्टोबरपासून ती सेदाँच्या पट्ट्यात होती. हिवाळा सरावात गेला नाही, काँक्रीट ओतण्यात गेला. तरी अनेक बुरुजांना दारं आणि बंदुकीच्या खिडक्यांची चिलखती झाकणं बसायची राहिली होती. शिवाय बांधकाम आणि प्रशिक्षणासाठी कंपन्यांची इतकी अदलाबदल झाली होती की एका मोर्च्याच्या कॅप्टनला शेजारच्या मोर्च्यातला कॅप्टन अनोळखी असे. ऐन वेळी, उजव्या बाजूला ७१वी डिव्हिजन घुसवायची ठरली आणि पुन्हा एकदा सरकासरकी झाली.

तोफखाना मात्र भरपूर होता. जर्मनांना नदी ओलांडायच्या आधी आपला जड तोफखाना आणावा लागेल आणि त्यात काही दिवस जातील, असा कोअर मुख्यालयाचा हिशेब. म्हणून सकाळी गोळे जपून वापरायचा आदेश. काठावर दाटीने उभ्या असलेल्या जर्मन तुकड्या फ्रेंच तोफांना दिसत होत्या, पण तोफा हातचं राखून बोलत होत्या. जर्मनांनी तोफखान्याची वाट पाहिलीच नाही. त्याचं काम दिवसभर विमानांनी केलं. बाँबनी माणसं फार मेली नाहीत, पण टेलिफोनच्या तारा तुटल्या. पुरेशा खोल न पुरलेल्या तारा हा या लढाईतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग पडलेला दोष.

दुपारी पावणेतीन-तीनच्या सुमारास जर्मन पायदळ रबरी होड्यांतून पलीकडे आलं. त्याच संध्याकाळी ब्युलसाँ परिसरातल्या तोफखान्यातून बातमी उठली, 'रणगाडे आले.' आले नव्हते. एका तोफखाना अधिकाऱ्याने फोनवर मागे सरकायची परवानगी मागितली, ती मिळाली. मागे सरकणाऱ्या तोफा पाहून शेजारच्यांनी सामान आवरलं. मग पायदळाने तोफखाना पळताना पाहिला. लाफोंतेन यांनी आपल्या मुख्यालयासमोर, फाँ दागो इथं, रस्त्यावर ट्रक आडवे लावून लोंढा थोपवायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

आणि मग चूक झाली ती इथं. ग्रांसार यांच्या परवानगीने लाफोंतेन यांनी मुख्यालय मागे शेमेरीला हलवलं. डिव्हिजनचं मुख्यालय म्हणजे फक्त जनरल आणि नकाशा नाही. ते म्हणजे टेलिफोनचं केंद्र, तारा, सांकेतिक पुस्तकं, आणि कोण कुठं आहे हे पाठ असलेले कारकून. ते केंद्र मागे सोडल्याबरोबर डिव्हिजन आंधळी आणि बहिरी झाली. पळणाऱ्यांच्या दृष्टीने तर एकच अर्थ : मोठे साहेबच निघाले.

एका हुकमाची रात्र

आता त्या बारा तासांकडे जवळून पाहू. २१३वी रेजिमेंट पायी पुढे येत होती, त्याच रस्त्याने पळून येणाऱ्यांच्या उलट दिशेने. सोबतचे रणगाडे म्हणजे ७व्या बटालियनचे एफसीएम ३६. बारा टनांचे, वितळजोडाने बांधलेले, तिरक्या ४० मिलिमीटर चिलखताचे, डिझेलवर चालणारे. चिलखत खरोखर चांगलं. पण आत माणसं दोनच : चालक आणि कमांडर. कमांडरने पाहायचं, गोळा भरायचा, नेम धरायचा, झाडायचा आणि तुकडीही हाकायची. तोफ पहिल्या महायुद्धातली ३७ मिलिमीटरची, कमी वेगाची, जर्मन चिलखताला जेमतेम ओरखडा काढणारी. रणगाड्या-रणगाड्यांत बोलायला बिनतारी संच नाही, म्हणून सगळं आधी ठरवून द्यावं लागे. तेव्हा 'निघा, पुढचं पुढं बघू' असं या बटालियनला सांगण्यात अर्थ नव्हता, हे मान्य करायला हवं.

फ्रेंच शिकवण तर याच्याही पुढे जात होती. १९३६च्या मोठ्या तुकड्यांच्या वापराच्या सूचनेत लढाई म्हणजे वरून चालवली जाणारी, टप्प्याटप्प्याची क्रिया. पायदळाने किलोमीटर-दोन किलोमीटर पुढे जायचं, थांबायचं, तोफखान्याने नवा मारा ठरवायचा, मग पुन्हा पुढे. सुरुवातीची रेषा कोणती, उद्दिष्टाच्या रेषा कोणत्या, डावीकडे कोण, उजवीकडे कोण, तोफा कुणाच्या, तासाचा आकडा काय, हे सगळं लेखी. १९१७-१८मध्ये याच पद्धतीने माणसं वाचली होती. आठवडाभर आधी तयारी करता येते तिथं ती अजूनही चालली असती.

लाफोंतेन यांना संध्याकाळी सातला तुकड्या मिळाल्या, पण त्यांच्या दृष्टीने हल्ल्याचा हुकूम मिळाला नव्हता. कोअरचा लेखी आदेश हवा, सोबतच्या तुकड्यांच्या मर्यादा हव्यात. फोन लागत नव्हता. म्हणून रात्री ते स्वतः मोटारीने ला बेर्लिएरला, ग्रांसार यांच्या मुख्यालयाकडे निघाले. सरळ रेषेत अंतर दहा किलोमीटरच्या आत. पण रस्त्यावर तोफगाड्या, घोडे, ट्रक, चालत सुटलेली माणसं, दिवे बंद. अर्ध्या वाटेवरून ते परत फिरले. दरम्यान कोअरचा आदेश घेऊन अधिकारी शेमेरीला येऊन पोहोचला होता, आणि तिथं लाफोंतेन नव्हते. आदेश होता तिथं सेनापती नाही, सेनापती होता तिथं आदेश नाही, आणि दोघांच्या मध्ये तुंबलेला रस्ता.

पहाटे पाचच्या आसपास लाफोंतेन यांनी आपला आदेश दिला. उजवीकडची जोडी, २०५वी रेजिमेंट आणि ४थी रणगाडा बटालियन, वेळेत पोहोचलीच नाही. डावीकडे साडेसातच्या सुमारास २१३ आणि ७वी बटालियन निघाली.

नदीच्या पलीकडे काय चालू होतं? गोलिए इथला तरंगता पूल रात्रीत उभा राहिला. जर्मन लेफ्टनंट कर्नल बाल्क यांनी आपल्या थकलेल्या पायदळाला झोपू न देता अंधारात मार्फेच्या उंचवट्यापर्यंत आणि त्याच्याही पुढे नेलं, वरून तसा हुकूम यायची वाट न पाहता. सकाळी पहिल्या पँझर (जर्मन चिलखती) डिव्हिजनचे रणगाडे पूल ओलांडून एकेक कंपनी जशी येईल तशी थेट ब्युलसाँकडे धाडण्यात आले. रचना नाही, टप्पे नाहीत. जी आली ती गेली.

कोनाज आणि ब्युलसाँजवळ टक्कर झाली. एफसीएमच्या चिलखतावरून हलके गोळे घसरायचे, पण त्याच्या तोफेनेही समोरच्याला फारसं काही होईना. जर्मन रणगाड्यांना एकमेकांशी बोलता येत होतं, ते बाजूने आले. दुपार व्हायच्या आत ७व्या बटालियनचे चाळीसच्या आसपास रणगाड्यांपैकी बहुतांश गेले आणि २१३व्या रेजिमेंटचा मोडका भाग मागे हटला. ५५वी डिव्हिजन त्या दिवसानंतर कागदावरच उरली.

लाफोंतेन भित्रे होते असं म्हणून विषय संपवण्याची पद्धत आहे. ते पटत नाही. ते शिकवलं तसंच वागले. पुढच्या टेकडीवर कोण आहे हे पाहायला पुढे न जाता, वरच्याची सही घ्यायला मागे गेले, कारण त्या लष्करात बढती मिळत आलेली सगळी माणसं तसंच करत आली होती.

वरच्या मजल्यावर तीच रात्र

शेमेरीत हा घोळ चालू असताना झॉर्झ यांनी व्हॅन्सेनला फोनवर कळवलं की सेदाँकडे 'जरा गंभीर भानगड' झाली आहे. फ्रेंच शब्द होता 'पेपाँ', म्हणजे शब्दशः फळातली बी. आर्मीकडून वर येताना बातमी प्रत्येक मजल्यावर थोडी गुळगुळीत होत गेली होती.

पहाटे तीनच्या सुमारास दूमाँक माँत्रीहून ला फेर्तेला पोहोचले. नकाशांच्या खोलीत जवळजवळ अंधार. झॉर्झ उठून आले, सेदाँची आघाडी फुटल्याचं सांगितलं आणि खुर्चीत कोसळून रडले. १९३४मध्ये मार्सेयला युगोस्लाव्हियाच्या राजाचा खून झाला तेव्हा शेजारी असलेले झॉर्झ जबर जखमी झाले होते, त्याचा ताण त्यांच्यावर राहिला असं त्यांच्या जवळचे म्हणत. दूमाँक यांनी तिथंच नकाशावर योजना मांडली : तीन चिलखती डिव्हिजन तीन बाजूंनी या खिंडाराकडे वळवायच्या. झॉर्झ यांनी मान्यता दिली. योजना चुकीची नव्हती. पण त्या तीन डिव्हिजन तोवर तीन वेगवेगळ्या हातांत होत्या.

पहिली बेल्जियममध्ये होती. १५ मे रोजी फ्लाव्हियाँजवळ इंधन भरायला थांबलेली असताना जर्मन रणगाड्यांनी तिला गाठलं. दुसरीला आधी एका आर्मीकडे, मग दुसरीकडे जायचे हुकूम आले. तिचे रणगाडे आगगाडीने आणि चाकांच्या गाड्या रस्त्याने निघाल्या, आणि त्या दोन भागांच्या मध्येच जर्मन घुसले. तिसरी एकटीच योग्य जागी होती.

स्तॉनच्या जंगलात बुचं

जनरल ब्रोकार यांची तिसरी चिलखती डिव्हिजन २० मार्चला उभी राहिली, म्हणजे दोन महिन्यांची पोर. पण हत्यार जबरदस्त : शार बी-१ बिस या जड रणगाड्यांच्या दोन बटालियन आणि हॉचकिस या हलक्या रणगाड्यांच्या दोन. बी-१ बिस तीस टनांहून जड, समोर ६० मिलिमीटर चिलखत, धडात ७५ आणि बुरुजात ४७ मिलिमीटरची तोफ. जर्मनांच्या ३७ मिलिमीटर रणगाडाविरोधी तोफेला तो समोरून फुटत नसे. दोष एकच आणि मोठा : तहान. काही तासांच्या चालीनंतर त्याला इंधन लागायचं, आणि ते आणणाऱ्या गाड्या मोजक्या.

१४ मे. ही डिव्हिजन आणि तिसरी मोटारी पायदळ डिव्हिजन २१व्या कोअरच्या जनरल फ्लाव्हिन्यी यांच्या हाताखाली. हुकूम : सेदाँकडे हल्ला. पळून येणाऱ्यांनी भरलेल्या रस्त्यांतून रणगाडे माँ-द्यूच्या जंगलापाशी आले, तेलासाठी थांबले, चार वाजता हल्ल्याच्या बेतात आले. समोर त्या वेळी काय होतं? जर्मन चिलखती कोअरचे प्रमुख गुडेरियन यांनी आपल्या दोन पँझर डिव्हिजन पश्चिमेला वळवून समुद्राकडे दौडवल्या होत्या. दक्षिणेची बाजू सांभाळायला १०वी पँझर आणि एक पायदळ रेजिमेंट. बाजू अक्षरशः उघडी.

साडेपाचला फ्लाव्हिन्यी यांनी हल्ला रद्द केला. पुरेशी तयारी नाही, उशीर झाला, आधी रेषा धरू. मग रणगाडे आर्देन कालव्यापासून ला बेसासपर्यंत सुमारे वीस किलोमीटरवर पसरले. प्रत्येक रस्त्यावर आणि वाटेवर एक बी-१ आणि दोन हॉचकिस, बाटलीला बूच लावावं तसे. फ्रेंच त्याला 'बुशाँ' म्हणजे बूचच म्हणत. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला ठरला तेव्हा ही बुचं गोळा करता करता दिवस मावळला. ब्रोकार यांना काढण्यात आलं.

हीच यंत्रं नीट वापरली तर काय करू शकत होती, ते १६ मे रोजी स्तॉन गावात दिसलं. १५ ते १७ मेच्या दरम्यान हे छोटं गाव सतरा वेळा इकडून तिकडे गेलं. 'यूर' नावाचा एक बी-१ बिस गावाच्या रस्त्याने जर्मन रणगाड्यांच्या रांगेत शिरला, तेरा रणगाडे फोडले आणि अंगावर १४० गोळ्यांच्या खुणा घेऊन परत आला. त्याचा कमांडर होता कॅप्टन पिएर बिलॉत, आर्मी ग्रुपचे प्रमुख जनरल बिलॉत यांचा मुलगा.

जर्मन साखळीत सगळं सुरळीत होतं असंही नाही. १७ मे रोजी वरिष्ठांनी थांबवलं म्हणून गुडेरियन राजीनाम्यावर आले होते. पण तिथं भांडण खालचा माणूस फार वेगाने जातो यावरून होतं.

तासांचा प्रश्न

१५ मे रोजी ९व्या आर्मीतून कोराप गेले, झिरो आले, आणि चार दिवसांत ते जर्मनांचे कैदी झाले. गामेलाँ मधूनमधून मोटारीने ला फेर्तेला जात, परिस्थिती पाहत आणि परत येत.

१९ मेच्या सकाळी ले बाँदाँमध्ये त्यांनी एका खोलीत बसून स्वहस्ते आदेश लिहिला. नाव, 'वैयक्तिक आणि गुप्त सूचना क्रमांक १२'. पहिलं वाक्य असं सुरू होतं : चालू लढाईचं संचालन ईशान्य आघाडीच्या सरसेनापतींच्या अधिकारात आहे, त्यात हस्तक्षेप करण्याची इच्छा न बाळगता... पुढे ते सांगतात की उत्तरेतल्या फौजांनी वेढ्यात न अडकता कमालीच्या धाडसाने दक्षिणेकडे वाट काढावी. आणि शेवटचं वाक्य : सगळा प्रश्न तासांचा आहे.

दोन्ही वाक्यं एकाच कागदावर. सर्वोच्च सेनापतीला तासांचं महत्त्व कळलेलं आहे, आणि तरी तो हुकूम 'करा' या शब्दाने सुरू करत नाही.

त्याच संध्याकाळी त्यांना काढण्यात आलं. ७३ वर्षांचे वेगाँ बैरूतहून आले, २० मेला सूत्रं घेतली, सूचना क्रमांक १२ बाजूला ठेवली आणि परिस्थिती स्वतः पाहायची ठरवली. त्याच दिवशी जर्मन आबव्हीलला समुद्राजवळ पोहोचले. २१ मेला वेगाँ विमानाने बेल्जियममधल्या ईप्रला गेले. बेल्जियमचे राजा लिओपोल्ड आणि बिलॉत भेटले. गॉर्ट यांची भेट झाली नाही, ते पोहोचले तेव्हा वेगाँ निघून गेले होते. वेगाँ यांची योजना त्यांच्या तोंडून ऐकलेला आणि उत्तरेतल्या तिन्ही देशांच्या फौजांना ती समजावू शकणारा माणूस आता एकच होता, बिलॉत. ईप्रहून परतताना त्याच संध्याकाळी त्यांच्या मोटारीला अपघात झाला. २३ मेला ते गेले. त्यांच्या जागी ब्लांशार यांची रीतसर नेमणूक व्हायला आणखी काही दिवस लागले. तोवर उत्तरेकडच्या वेढलेल्या फौजांना समन्वय करणारा म्हणून कुणी नव्हतं.